एकाच होडीवर दोन फिशफाइंडर लावले, आता पडद्यावर रेघाच रेघा

हडपसरचा गळवाला
राम राम मंडळी. सुट्टी मिळाली की मी भिगवणच्या पुढे, उजनीच्या फुगवट्यात गळ टाकायला जातो. चौदा फुटी फायबरची होडी आहे. मागच्या फळीला सात इंची फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे, 200 किलोहर्ट्झचा, त्याची काही तक्रार नाही. हल्ली पुढच्या टोकाला इलेक्ट्रिक मोटर बसवली. पुढे उभं राहून गळ टाकायचा तर मागचा पडदा दिसत नाही, म्हणून त्याच कंपनीचा पाच इंची पुढेही लावला. एकेकटे चालवले तर दोन्ही लख्ख. दोन्ही एकदम चालू केले की मागच्यावर वरपासून खालपर्यंत तिरप्या तुटक रेघा, पाऊस लागल्यासारख्या. मोटर सुरू केली की पुढच्यावर वेगळीच कचकच. दुकानदार म्हणतो, "पाण्यात गाळ आहे." सगळं एकाच 12 व्होल्टच्या बॅटरीवर आहे. दुसरा परत करू का? घरून विचारणा झालीये की माशांना एवढे टीव्ही कशाला.

जुना बाजार
वहिनींचा मुद्दा बिनतोड आहे. भिगवणचे भोई वल्हं पाण्यात घालून खोली सांगतात, त्यांना चार्जिंग लागत नाही. परत करा आणि त्या पैशांत चांगला रॉड घ्या.

सोल्डरिंग काका
वल्ह्याने वीस फुटांचा तळ लागत नाही, जुना बाजार. असो.

गाळाचा इथे काही संबंध नाही. गाळ असला तर तळाची रेघ जाड आणि पसरट दिसते, तिरप्या रेघा येत नाहीत. तुमची दोन्ही यंत्रं 200 वर बोलतायत आणि एकमेकांचं ऐकतायत. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. वीस फुटांवरच्या तळावर आपटून परत यायला त्याला आठएक मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात जे कानावर पडेल ते यंत्र खोलीच्या हिशोबाने ठिपका म्हणून मांडतं. दुसऱ्याची हाक मधेच आली तर तिचाही ठिपका. दोघांचा हाका मारायचा वेग तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे तो ठिपका दर खेपेला थोडा सरकतो, आणि रेघ तिरपी होते.

खात्री करायची तर पुढचं यंत्र चालू ठेवून फक्त त्याचा सोनार, म्हणजे आवाज सोडायचं-ऐकायचं काम, मेनूतून बंद करा. रेघा गेल्या तर भांडण पाण्यातलं. राहिल्या तर वायरिंगमधलं.

पाण्यातलं निघालं तर एकाला 200 वर ठेवा, दुसऱ्याला 83 वर न्या. ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) तसा असेल तर 455 किंवा 800 सुद्धा चालेल. चिर्पवाला, म्हणजे एकाऐवजी वारंवारतांच्या अख्ख्या पट्ट्यात आवाज सोडणारा, असेल तर दोघांचे पट्टे एकमेकांवर चढणार नाहीत असे निवडा. इंटरफिअरन्स कमी करायची सेटिंग असते, ती एक पायरी वाढवून बघा. फार चढवलीत तर बारीक मासळीचे ठिपकेही पुसले जातात. नेटवर्क केबलने एकाचा सोनार दुसऱ्यावर दाखवता येतो, पण छोट्या स्वस्त मॉडेलांना बहुधा ती सोय नसते. आणि असली तरी तुमच्या कामाची नाही, कारण मागचं चित्र पुढे बघून तुम्ही काय करणार?

म्हणूनच परत करू नका. 200 चा झोत साधारण 20 अंशांचा धरा. पंधरा फूट पाण्यात तळाशी त्याचं वर्तुळ होतं जेमतेम पाच फुटांचं. होडी चौदा फुटांची. म्हणजे मागचा पडदा जे दाखवतो ते तुमच्या गळाखाली नाहीच. 83 चा झोत 60 अंशांचा असेल तर तेच वर्तुळ सतरा फुटांचं होतं, पण त्यात मासा नेमका डावीकडे की उजवीकडे हे काही कळत नाही. तेव्हा पुढे 200, मागे 83. पाणी उतरल्यावर पळसदेवच्या बाजूला जात असाल तर पुढचा लागणारच. तिकडे बुडालेल्या बाभळींची खोडं आणि जुन्या घरांच्या भिंती मोटरच्या पात्यालाच भेटतात.

मोटरची कचकच हे वेगळं दुखणं. मोटर फुल स्पीडवर न्या. कचकच कमी झाली तर ती वेग कमी-जास्त करणाऱ्या सर्किटची. फिशफाइंडरना स्वतंत्र छोटी बॅटरी द्या, प्रत्येकाला आपापला फ्यूज. ट्रान्सड्यूसरची वायर मोटरच्या वायरीला चिकटून नेऊ नका, ओलांडायचीच तर काटकोनात. ट्रान्सड्यूसरची उरलेली वायर कापू तर अजिबात नका. पासोड्या विठोबाजवळ फेराइटच्या, म्हणजे वायरीतली विजेची कचकच शोषणाऱ्या, क्लिपा मिळतात, पॉवरच्या वायरीचे दोनतीन वेढे त्यातून काढा. दुकानदार "कशाला पाहिजे?" विचारेलच. मासे पकडायला म्हणून सांगा.

हर्णैकर, मुक्काम कोथरूड
काकांशी सहमत. आमच्याकडे बोटींवर 50 आणि 200 ही जोडी असते, खोल समुद्राला 50, किनाऱ्याजवळ 200. बऱ्याचदा एकाच ट्रान्सड्यूसरमधून दोन्ही, पडदा अर्धा-अर्धा. कुणी सांगितलं म्हणून उजनीत 50 वर जाऊ नका. एवढ्याशा पाण्यात त्याचं चित्र भरड येतं, तळाला टेकलेली मरळ वेगळी दिसायची नाही.

हडपसरचा गळवाला
काका, पुढचा सोनार बंद केला आणि रेघा गायब! मागचा 83 वर नेला, आता दोन्ही एकदम चालतात. क्लिपा आणि वेगळी बॅटरीही झाली, कचकच अगदी नावाला उरली. पण नवीनच भानगड: काठाच्या उताराशी आडवा उभा राहिलो तर मागचा पुढच्यापेक्षा फूट-दीड फूट कमी खोली दाखवतो. सपाट जागी दोघांचं जुळतं. ट्रान्सड्यूसर वाकडा बसलाय का?

सोल्डरिंग काका
सपाट जागी जुळतंय ना, मग वाकडा नाही. रुंद झोताला उताराची वरची बाजू आधी लागते, तिकडून आवाज आधी परततो, आणि यंत्र तोच आकडा दाखवतं. पुढचा अरुंद, तो सरळ खालचं सांगतो. गळ सोडताना पुढचा आकडा बघा, होडी काठाला घेताना मागचा.