नागपूर ते श्रीनगर, पाच जणांची विमानाची तिकिटं कधी काढावी?

धरमपेठकर: जूनमध्ये श्रीनगरला जायचं ठरून राहिलं, आम्ही दोघं, आई-बाबा आन् पोरगी. रोज भाडं पाहून राहिलो, आज वर उद्या खाली, आत्ताच काढू का थांबू?

मनीषनगर_ताई: तारखा पक्क्या असतील तर थांबू नका. आणि आपल्या विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात नं, बाकी महाराष्ट्रातल्या 15 जूनच्या आसपास सुरू होतात, मग गर्दी कमी होते, त्यानंतरच्या तारखा बघा. पोरगी किती वर्षांची?

धरमपेठकर: ट्रिपमध्येच 2 पूर्ण होते.

मनीषनगर_ताई: मग परतीला तिचं वेगळं सीट लागेल हो, मांडीवर चालत नाही.

सोनेगाव_भाऊ: भाऊ, पाच जणांचं एकत्र सर्च केलं आन् स्वस्तातल्या चारच सीटा उरल्या असल्या तर पाचही तिकिटं महागडी दाखवते, एकदा दोन-तीन असं तोडून बघा. पण दिल्लीला विमान बदलायचं असलं तर प्रत्येकाची दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये घ्या, वेगवेगळं घेतलं आन् पहिलं विमान लेट झालं तर दुसरं तिकीट बुडते, आई-बाबांना घेऊन रात्री एअरपोर्टवर बसणं लई वाईट.