कालवा एकच, तरी यकृत काहींचेच का बिघडते?

प्रश्न: सुदानमधील गेझिरा भागात कालव्याच्या पाण्यातून शिस्टोसोमा मॅन्सोनी या कृमीची लागण सर्रास होते, मग यकृताचा गंभीर फायब्रोसिस (ऊती तंतुमय व कडक होणे) थोड्यांनाच का होतो? कृमींच्या संख्येवरच ते ठरते का?

प्रतिसाद १: कृमींची संख्या आणि लागणीचा काळ महत्त्वाचे आहेतच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. मादीची अंडी रक्तप्रवाहाबरोबर यकृतात जाऊन पोर्टल शिरेच्या (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) बारीक फांद्यांत अडकतात, आणि त्यांच्याभोवती जमलेल्या पेशींची गाठ पुढे तंतुमय होते. खरी हानी अंड्यापेक्षा शरीराच्या प्रतिसादातूनच होते. प्रतिकारशक्तीच्या पेशी सोडत असलेल्या संदेशवाहक प्रथिनांपैकी इंटरल्यूकिन-१३ तंतू वाढवते, तर इंटरफेरॉन-गॅमा त्यांना आवर घालते. गेझिरातील कुटुंबांच्या १९९९ मधील अभ्यासात गंभीर फायब्रोसिसचा संबंध सहाव्या गुणसूत्रावरील, इंटरफेरॉन-गॅमाच्या ग्राहीच्या (त्याचा संदेश पेशीवर झेलणारे प्रथिन) जनुकालगतच्या भागाशी आढळला.

प्रतिसाद २: एक पुरवणी जोडतो. त्याच भागात संयोजी ऊतींच्या वाढीस चालना देणाऱ्या सीटीजीएफ या प्रथिनाचेही जनुक आहे, आणि २००९ मध्ये चीन, सुदान व ब्राझील येथील रुग्णांत त्याच्या भेदांचा फायब्रोसिसशी संबंध दिसला. त्यामुळे सगळे श्रेय प्रतिकारशक्तीच्या जनुकांना देणे मला घाईचे वाटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग जनुकीय चाचणी करून उपचार ठरवावेत काय?

प्रतिसाद १: मुळीच नको. प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक औषध स्वस्त आहे, ते लागण झालेल्या सर्वांनाच द्यावे. फायब्रोसिस किती झाला आहे, हे सोनोग्राफीत दिसते.