अनुभव धागा : कंट्री, रॉक, हिपहॉपच्या रेकॉर्डवरचे आवाज घरी कसे काढता?

महागड्या सामानाच्या याद्या नकोत. कृती लिहा, आणि बिघडतं कुठे तेही.

तारकाका
कंट्री गायक जॉनी कॅशच्या, मेम्फिसच्या सन स्टुडिओत रेकॉर्ड झालेल्या 'आय वॉक द लाइन'मध्ये (१९५६) ड्रम नाहीत. स्नेअरसारखी (खरखरणाऱ्या छोट्या ड्रमसारखी) खरखर येते ती गिटारच्या तारांत अडकवलेल्या कागदाची. नोटेएवढा कागद तारांच्या वरून-खालून ओवा. ब्रिजकडे (तारा जिथे गिटारच्या अंगाला बांधलेल्या असतात तिकडे) सरकवला तर सूर शाबूत राहतो, साउंडहोलपलीकडे (गिटारच्या गोल भोकापलीकडे) नेला की नुसती टकटक. टिश्यू निरुपयोगी.

फीतवाला
त्याच सन स्टुडिओचा स्लॅपबॅक, म्हणजे आवाजामागोमाग येणारा एकच झटपट इको, निघतो तो टेप मशीनच्या रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेडमधल्या अंतरामुळे. अंतर २ इंच आणि वेग सेकंदाला १५ इंच धरला तर १३३ मिलिसेकंद. प्लगिनमध्ये (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या जोड-इफेक्टमध्ये) डिले १२० ते १४० मिलिसेकंद, फीडबॅक (इकोचा पुन्हा इको) शून्य, टेम्पो सिंक (डिले गाण्याच्या लयीला बांधणं) बंद, इकोतला ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापा. फीडबॅक जरा जरी उरला तर गाणं गुहेत जातं.

बेसूर
रॉकवाल्यांनी रागावू नये, पण फझ (गिटारचा फाटका, गुरगुरता आवाज) गाजला तो आधी कंट्रीत. मार्टी रॉबिन्सच्या 'डोंट वरी'त (१९६१) नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलचा ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा आवाज फाटला. तो फाटका आवाज तसाच ठेवला! पुढे त्यावरूनच माएस्ट्रो फझ-टोन पेडल निघालं; रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'वर (१९६५) तेच आहे. एका वेळी एकच तार छेडा, पूर्ण कॉर्डचा चिखल होतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं पेडल उन्हात ठेवू नका, तापलं की आवाज बदलतो.

ढोलगट
लेड झेपलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे (१९७१) ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखाली, दोन माइक वर टांगलेले. अपार्टमेंटच्या जिन्यातही जमतं (पुण्यात एक ते चार वर्ज्य). कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लहान आवाज वर आणणारा) सढळ लावा. पण तो झांजाही वर खेचतो, म्हणून त्या हलक्या हाताने वाजवा. लय संथच हवी, नाहीतर आधीच्या ठोक्याची घुमघुम पुढच्याला गिळते.

नमुनेदार
तेच ड्रम हिपहॉपवाल्या बीस्टी बॉइजनी १९८६ साली उचलले. १९८७ च्या एसपी-१२०० सॅम्पलरवर (आवाजाचे तुकडे भरून वाजवायच्या मशीनवर) जागा जेमतेम १० सेकंदांची, म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर वाजवून भरायची आणि मशीनमध्ये पिच (सुराची उंची) उतरवायची. १० सेकंदांत साडेतेरा सेकंद मावतात, शिवाय १२ बिटचा खरखरीतपणा फुकट. सॉफ्टवेअरमध्ये उतार ५ सेमिटोन (अर्धस्वर) २० सेंट (सेमिटोनचा शंभरावा भाग) ठेवा. नुसते ५ ठेवले तर मूळ गाण्याशी सूर जुळत नाही.

ढोलगट
@नमुनेदार, टाइम-स्ट्रेच (पिच बदलली तरी लांबी तीच ठेवणारी सोय) चालू की बंद?

नमुनेदार
बंद. चालू ठेवलात तर लूप (फिरून फिरून वाजणारा तुकडा) लांबत नाही आणि ठोक्याची धार जाते.