मदत हवी आहे: शेजारी झुंजीचे कोंबडे पाळतोय असा संशय आहे, तक्रार करावी का?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. गावाचं नाव लिहीत नाही, मालवण तालुका एवढंच पुरे. मी डोंबिवलीत असते, गावच्या घरी आई एकटी राहते. शेजारचं घर भावकीतलंच आहे, माझ्या बाबांच्या चुलतभावाच्या मुलाचं. आम्ही त्याला दादा म्हणतो. प्रश्न त्याच्याबद्दलच आहे, म्हणून दुसऱ्या आयडीने लिहितेय.

दिवाळीला गेले तेव्हा त्याच्या मागच्या परड्यात कोंबडेच कोंबडे दिसले. कोंबडी एखाददुसरी, बाकी सगळे नर. प्रत्येकाच्या पायाला दोरी, दोघांमध्ये ऐसपैस अंतर, रात्री प्रत्येकावर वेगळं डालगं. आपल्या गावठी कोंबड्यासारखे ते दिसत नाहीत. उंच, मान ताठ, पाय जाडजूड, छातीवर पिसं विरळ. काहींचे तुरे मुळापासून उडवलेले. एकाचा डोळा गेलाय. सकाळी दादा एकेकाला मांडीवर घेऊन त्याच्या तंगड्या चोळतो. एकदा दोघांच्या पायांना चिंध्या गुंडाळून त्यांना समोरासमोर धरलेलं मी मागच्या खिडकीतून पाहिलं. पुढे सोडले की नाही ते दिसलं नाही, मधे माडाच्या चुडतांची, म्हणजे झावळ्यांची, रास होती.

रविवारी दुपारी तो आणि दोन-तीन जण कोंबडा टॉवेलात गुंडाळून बाईकवरून जातात. कधी गोव्याच्या नंबरची गाडीही येते. रात्री आमच्याकडे वाटीभर रस्सा येतो आणि त्यातलं मटण इतकं चिवट की आई कुकर दुसऱ्यांदा लावते. बाजारातल्या कोंबडीचं मटण असं नसतं. हरलेला कोंबडा जिंकणारा घेऊन जातो आणि तो शिजतो, असं लहानपणी ऐकलं होतं, ते तेव्हा आठवलं.

एवढ्यावर कोणी म्हणेल, मग विचार कसला करतेस? तर तो असा. आईला रात्री धाप लागली तेव्हा रिक्षा काढून तिला कणकवलीला नेणारा हाच. 2021 च्या तौक्ते वादळात आमच्या पडवीवर फणस पडला, मी टाळेबंदीत डोंबिवलीत अडकलेले, तेव्हा झाड तोडून कौलं बसवून देणाराही हाच. वर आमचा सातबारा अजून सामायिक आहे आणि वाटणीची बोलणी चालू आहेत. मी तक्रार केली तर कोंबड्यांसाठी केली यावर वाडीत कोण विश्वास ठेवणार?

असे कोंबडे नुसते पाळणं गुन्हा आहे का? तक्रार करायची तर कुठे, आणि माझं नाव बाहेर येतं का? आणि धाड पडलीच तर त्या कोंबड्यांचं पुढे काय होतं? कोणाला अनुभव असेल तर सांगा. प्राणीप्रेमावर भाषण नको, ते मी स्वतःला रोज देते.

तिरफळ

ताईनू, राग मानू नकात, पण तुम्ही वर्षातून दोनदा येऊन मागच्या खिडकीतून बघणार आणि पोलीस बोलावणार, हे गावात बरं दिसणार नाही.

आमच्याकडे नर पाळायला कारणं खूप आहेत. राखणीच्या बळीला कोंबडा लागतो, गवळदेवाला लागतो, शिमग्याला लागतो. नवसाचा कोंबडा ऐन वेळी बाजारात घ्यायला जा म्हणजे भाव कळेल. त्यात असील जातीचा संकर असेल तर वजन भरतं आणि गिऱ्हाईक घरी चालत येतं. नर एकत्र सोडले तर एकमेकांना फोडतात, म्हणून बांधावे लागतात. माझ्या मामाच्या परड्यातही असेच बांधलेले दिसतील आणि तो माणूस पत्त्यांनासुद्धा हात लावत नाही.

कापलेल्या तुऱ्याचं मात्र मला काही सुचत नाही. नवसाच्या कोंबड्याला तुरा लागतो, तो कोणी कापणार नाही.

परड्यातला डॉक्टर

पशुवैद्यक आहे, नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात. तिरफळ यांचं अर्धं बरोबर आहे. असील ही आपलीच जुनी जात, मूळ आंध्र-छत्तीसगड पट्ट्यातली. उंच, ताठ, घट्ट मांसाची आणि स्वभावाने भांडखोर. मांसासाठी ती सर्रास पाळतात. तेव्हा जात, दोरी, वेगळं डालगं, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. असीलचा तुरा मुळातच छोटा आणि डोक्याला चिकटलेला असतो, लांबून कापल्यासारखा वाटू शकतो. तो जवळून बघायला हवा. कापलेला असेल तर कडेला व्रणाची रेघ दिसते, आणि बहुधा गळ्याखालच्या लोळ्याही काढलेल्या असतात, कारण झुंजीत चोच तिथेच पकडते आणि रक्त डोळ्यांत उतरतं.

मला जास्त खटकल्या त्या पायाच्या चिंध्या. पायामागचं नख झाकून दोघांना समोर धरणं म्हणजे सराव. मांसाच्या कोंबड्याला हे कोणी करत नाही. तंगड्या चोळणंही तसंच. प्रत्यक्ष झुंजीत त्या नखाच्या जागी काती बांधतात, धारदार पातं. एका वारात पोट फाटतं. असे पक्षी टाके घालायला माझ्याकडे आणले गेलेत. आणणारा सांगतो, कुंपणाच्या तारेत अडकला. तारेची जखम आणि पात्याची जखम मला वेगळी कळते, पण त्याला तसं म्हटलं तर पुढच्या वेळी तो येणार नाही आणि घरीच सुई-दोरा घेऊन बसेल. तेव्हा मी टाके घालतो.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या आईच्या स्वतःच्या कोंबड्या असतील तर त्यांना राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्या. चार गावांचे कोंबडे एका रिंगणात आले की रोग घरोघर येतो आणि लस नसलेलं खुराडं बघता बघता रिकामं होतं.

सोनचाफा

डॉक्टर, आभार. लोळ्यांचं लक्षात आलं नव्हतं. फोटो मोठा करून पाहिला, दोघांना नाहीतच. आईकडे चार गावठी कोंबड्या आहेत, लसीचं आजच सांगते.

तिरफळ, राग नाही. तुमचा मुद्दा मलाही छळतो, म्हणून तर धागा काढला.

हापूस नको पायरी द्या

सरळ 112 लावा आणि मोकळ्या व्हा. रिक्षाचे उपकार वेगळे, मुक्या जीवाचं पोट फाडणं वेगळं.

तिरफळ

आईला धाप लागली की तुम्ही येणार का रिक्षा घेऊन?

फिर्यादी

वरच्या दोघांनी जरा थांबा. वकिली करतो, जुगाराच्या केसेस बऱ्याच हाताखालून गेल्यात. सोनचाफा, तुमच्या प्रश्नाचे दोन तुकडे करा: परड्यात काय चालतं आणि रविवारी कुठे काय चालतं.

परड्यात कोंबडा पाळणं गुन्हा नाही, मग तो असील असो की आणखी कोणता. 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झुंज लावण्याला गुन्हा म्हणतो, कलम 11 मध्ये. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, करमणुकीसाठी प्राण्याला दुसऱ्या प्राण्याशी झुंजायला लावणं. दुसरी, झुंजीची जागा चालवणं, त्यासाठी जागा देणं, तिथे पैसे घेणं. यातला दुसरा प्रकार दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून कारवाई करू शकतात. पहिला तसा नाही. म्हणून परड्याची तक्रार घेऊन गेलात तर ठाणे अंमलदार तुमच्याकडे बघत बसेल. राखणीच्या कोंबड्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, धर्माच्या रीतीप्रमाणे दिलेला बळी याच कायद्याने कलम 28 मध्ये वगळलाय. त्याची गल्लत करू नका आणि कोणाला करू देऊ नका.

शिक्षा ऐकून हसू येईल. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आकडे जुनेच आहेत. पन्नास रुपयांत आज मालवणात सुरमईची तुकडीपण मिळणार नाही. शिवाय गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो, त्यामुळे गेल्या शिमग्याच्या झुंजीची आज तक्रार करून उपयोग नाही.

खरा दणका जुगाराच्या कायद्याने बसतो. 1887 चा जुना मुंबईचा कायदा, कलम 12. लोकांना जाता येईल अशा ठिकाणी पक्षी किंवा प्राणी झुंजवणं आणि तिथे हजर राहून त्याला मदत करणं, दोन्ही त्यात येतं. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पैज लावलेली रोकड जप्त होते, आणि लोक घाबरतात ते याला.

नावाचं म्हणाल तर, छापा पडला की फिर्यादी पोलीसच असतो, सरकारतर्फे. खबर देणाऱ्याचं नाव फिर्यादीत यायचं कारण नाही. लेखी अर्ज दिलात तर मात्र तो कागद झाला, आणि कागद गावात तुमच्या आधी पोहोचतो.

बैलगाडा शर्यतींना परवानगी मिळाली तर कोंबड्यांना का नाही, असं कोणी ऐकवलं तर सांगा: महाराष्ट्राने 2017 ला दुरुस्ती केली ती बैलगाडा शर्यतींपुरती, आणि 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली ती तेवढीच. झुंजींबद्दल 2014 च्या निकालात प्राण्याला दुसऱ्या प्राण्याशी झुंजायला लावू नये असं स्पष्ट बजावलंय.

सोनचाफा

हे फार उपयोगी आहे. म्हणजे दादाची नव्हे, जागेची खबर द्यायची. आणि जप्त कोंबड्यांचं?

फिर्यादी

कागदावर: पोलीस त्यांना पांजरपोळ किंवा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे देतात, आणि 2017 च्या नियमांप्रमाणे खटला चालेपर्यंतचा खर्च मालकाच्या माथी. पण रविवारी संध्याकाळी कोंबडे ठेवायला जागा शोधणाऱ्या हवालदाराची अवस्था मी बघितलीय. डॉक्टरांनाच विचारा.

परड्यातला डॉक्टर

एकदा ठाण्याच्या व्हरांड्यात मुद्देमालाचे कोंबडे खाटेच्या पायांना बांधलेले होते आणि पहाटे अख्खी कॉलनी उठली होती. जखमी असतील तर आम्हाला बोलावतात. बाकीच्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही. ते सुखाने जगतात असं तुम्हाला सांगणार नाही. पण पुढच्या रविवारी जे पोट फाटायचं ते फाटत नाही, इतकं नक्की.

नारळीपाक

कोणीच म्हटलं नाही म्हणून मी म्हणते. दादाशी आधी बोलता येणार नाही का? पोलीस वगैरे न काढता, "दादा, आई घाबरते, गोव्याच्या गाड्या दारात नको" एवढंच. बायकांच्या भीतीवर पुरुष वाद घालत नाहीत. आमच्या वाडीत मटका चालायचा, असाच हलवला होता. बंद झाला नाही हे खरं.

सोनचाफा

नारळीपाक, हलवण्याने कोंबड्याचं काही भलं होत नाही, पण गाड्यांचं पटलं.

काल आईशी बोलले. मला वाटत होतं तिच्यापासून हे लपवून ठेवायचंय. ती म्हणाली, "माका सगळा म्हायत आसा. तू थयसून फोन करून मोकळी होतलंस, हय रवाचा माका आसा." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "त्या काण्या कोंबड्याक बघूक माझ्यान होणा नाय." रस्सा ती आता घेत नाही म्हणे. दादाच्या बायकोला सांगितलंय की डॉक्टरने मटण बंद केलंय. डॉक्टरने असं काही सांगितलेलं नाही. वहिनीने वाटी परत घेतली आणि काही विचारलं नाही, म्हणजे तिलाही ते सगळं पसंत नसावं.

तर असं ठरलंय. परड्याची तक्रार नाही. गाड्यांबद्दल दादाशी मी बोलेन, मेमध्ये समोरासमोर, फोनवर नाही. वाटणीचे कागद मार्गी लागेपर्यंत लेखी अर्ज कुठेच नाही. पण झुंजीची जागा आणि वार नक्की कळला तर खबर द्यायची. आई म्हणते सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, काजूच्या बागेत भरते, कोणाची बाग ते तिलाही माहीत नाही. त्यात दादा सापडला तर सापडला. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण याच्याइतकं कमी वाईट मला दुसरं सुचलं नाही.

रिक्षाचंही बघितलं. गावातल्या दुसऱ्या रिक्षावाल्याचा नंबर आईच्या फोनमध्ये टाकलाय आणि 108 चाही. तिरफळ, हे तुमच्या टोमण्यामुळे.

तिरफळ

टोमणो नाय तो. पण बरा केलात. खरं सांगायचं तर आमच्याही सड्यावर भरते आणि सगळ्यांना माहीत आहे. पैज हरून एकाने बायकोची माळ गहाण टाकली, तेव्हा दोन महिने बंद होती, मग परत सुरू.

सोनचाफा

शेवटचं एक. मी डोंबिवलीहून 112 लावला तर फोन ठाणे जिल्ह्याच्या पोलिसांकडे जाईल का? आईच्या फोनवरून लावायचा नाहीये.

फिर्यादी

112 अख्ख्या राज्याला एकच आहे, पण तुमचं ठिकाण डोंबिवली दिसेल, म्हणून पहिल्या वाक्यात जिल्हा, तालुका आणि गाव सांगा. त्यापेक्षा ओरोसला सिंधुदुर्ग पोलिसांचा नियंत्रण कक्ष आहे, तिथे थेट लावलात तर हा घोळ होत नाही. झुंज संपल्यावर नाही, गाड्या जमायला लागल्या की लावा. आणि नुसतं "सड्यावर" म्हणू नका. देऊळ, पाण्याची टाकी, मोबाईलचा टॉवर, चिऱ्याची खाण, जवळ जे असेल ते सांगा, आणि वर जायचा दुसरा रस्ता असेल तर तोही, कारण पळतात त्याच रस्त्याने.