अकरा जणांची फुफ्फुसं एकाच वर्षात कशी आक्रसली?

मोठाश्वास:
कारखान्याच्या दवाखान्यात नर्स आहे. कामगारांची स्पायरोमेट्री (मशीनमध्ये फुंकून फुफ्फुसं तपासायची चाचणी) दरवर्षी मीच करते. "फुंका, फुंका, अजून फुंका" ओरडून घसा बसतो. मशीन जुनं, भात्याचं. यंदा अकराच्या अकरा जणांचे आकडे उतरलेत. एका वेल्डरचा एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) ३.६३ लिटरवरून ३.४०, एफव्हीसी (एका दमात फुंकलेली एकूण हवा) ४.५४ वरून ४.२५. धुरावर खापर फोडलं असतं, पण स्टोअरचा कारकूनही त्यात आहे, आणि तो धुराच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. गेल्या वर्षी तपासणी पत्र्याच्या शेडमध्ये झाली, यंदा एसी खोलीत. साहेबांना काय सांगू?

जुनाभाता:
दोन्ही वर्षांच्या रिपोर्टवर तापमान किती छापलंय ते आधी बघा. फुफ्फुसातली हवा ३७ अंशांची, वाफेने भरलेली. भात्यात शिरली की गार होते आणि आकसते. ती घट मशीन गुणाकाराने भरून काढतं: खोली २० अंशांवर असेल तर १.१०२ ने, ३२ वर असेल तर साधारण १.०३२ ने. खोलीचं तापमान मशीनला आपणच सांगायचं असतं.

मोठाश्वास:
अरे देवा. यंदा थर्मामीटर बघून २२ टाकलं होतं. गेल्या वर्षीच्या रिपोर्टवर २० छापलंय, कुणी बदललंच नाही. माझ्या डायरीत मात्र "शेड ३२, पंखा बंद (कागद उडतात)".

जुनाभाता:
मग ३.६३ भागिले १.१०२, गुणिले १.०३२. आलं ना ३.४०? गेल्या वर्षी मशीननेच पदरचं घालून दिलं होतं. एफईव्ही-१ आणि एफव्हीसीचं गुणोत्तर दोन्ही वर्षी ०.८० आहे, तेही याला धरूनच. वयामुळे वर्षाला साधारण ३० मिली जातात, २३० नव्हे.

निवांत:
हिशेब बरोबर, पण एफव्हीसीला जास्त लागू. एफईव्ही-१ पहिल्याच सेकंदाचा. तेवढ्यात हवा पुरती गार झालेली नसते. म्हणून जुन्या रिपोर्टवर खाडाखोड नको, शेजारी नोंद करा. आणि मशीन बरोबर मोजतंय का ते तपासायची तीन लिटरची सिरिंज मशीनच्याच खोलीत ठेवता ना? तिच्यातली हवा खोलीचीच, तिला हा गुणाकार लावायचा नसतो. चुकून लावला तर २० अंशांना ३.३१ दिसतं आणि चांगलं मशीन दुरुस्तीला जातं.

मोठाश्वास:
सिरिंज शेडमधल्या कपाटात होती, आज आणली. अकराही जणांचा हिशेब मांडला. दहा जुळले, कारकुनासकट. एका ग्राइंडरवाल्याचा एफव्हीसी तरीही ३०० मिली कमी येतोय. त्याला उद्या सकाळी परत बोलावलंय.