हस्तकलेच्या स्टॉलवर गप्पा हव्यात की नकोत?

रानजाई
पुण्याच्या भीमथडी जत्रेत हल्ली बघते, लोक स्टॉलवर येतात, वस्तू उचलतात, किंमत बघतात, क्यूआर स्कॅन करतात आणि पुढे. एक शब्द नाही. अहो, ज्याने चप्पल शिवलीय तोच समोर बसलाय ना? कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवतात, पावसात घालायची नाही, भिजलीच तर सावलीत वाळवायची, हे सगळं मला कारागिराने स्टॉलवर बसून सांगितलं. 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडने मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. मग इथे समोरच्याला निदान गाव कुठलं एवढं तरी विचारा की.

निवांत_गिऱ्हाईक
नाही पटलं. मला शांतपणे बघायचं असतं. "या ताई, बघा तरी" सुरू झालं की मी पुढच्या स्टॉलला सटकते, कारण एवढं बोलल्यावर काही न घेता निघणं जिवावर येतं आणि नको असलेली वस्तू घरी येते. आणि यात बोलक्या माणसाचाच माल खपतो हो, ज्याच्या हातात कला आहे पण तोंडात शब्द नाहीत त्याने काय करायचं?

येवलेवाला
त्यात भर म्हणजे गोड बोलून सेमी, म्हणजे यंत्रमागावरची पैठणी हातमागाची म्हणून गळ्यात मारणारे.

रानजाई
म्हणूनच बोला म्हणते मी! पदर उलटा करून दाखवा म्हणा. हातमागावरच्या पैठणीचा मोर मागूनही जवळपास पुढच्यासारखाच दिसतो, यंत्रावरच्या मागे सुटे नाहीतर कापलेले धागे असतात. विणणारा असेल तर तो स्वतःच उलटून दाखवेल, आणि नुसता आणून विकणारा असेल तर विषय बदलेल.

गोधडीवाली
मी बचत गटाकडून स्टॉलवर बसते, म्हणून लिहिते. गप्पा छान वाटतात पण ते आमचं कामच असतं, सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येकाशी हसून बोलायचं, संध्याकाळपर्यंत घसा बसतो. अर्धा तास टाका कसा घालता ते विचारतात, फोटो काढतात आणि "आमच्याकडे बाई स्वस्तात शिवते" म्हणून निघतात. याचा खूप राग येतो मला. पण हेही खरं की बाळासाठी लहान गोधडी करा, जुन्या साडीचीच, मऊ, हे एका गिऱ्हाईक ताईंनीच सुचवलं आणि आता आमची जास्त विक्री त्याचीच होते. नुसतं क्यूआर स्कॅन करून कोणी गेलं असतं तर ते कळलं नसतं. बोला, पण बोलून झाल्यावर घासाघीस करू नका, लुगड्याचे थर घालून हाताने टाके घालायला किती दिवस जातात ते आत्ताच ऐकलंत ना.

निवांत_गिऱ्हाईक
ताई, घासाघीस मी कधीच करत नाही. तुमचं पटलं, पण माझं म्हणणं तेच आहे. कापड कुठलं, कोणी शिवलं, किती दिवस लागले आणि किंमत, एवढं पाटीवर लिहा, तुमचाही घसा वाचेल. मी वाचेन, हात लावून बघेन आणि विचारावंसं वाटलं तर नक्की विचारेन. फक्त सुरुवात मला करू द्या.

गोधडीवाली
पाटी करते. पण गर्दीत ती वाचायला कोणी थांबत नाही हो, हाक मारली तरच थांबतात.