शब्दचर्चा : ‘जेनेरिक फंक्शन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, रत्नागिरीहून

मत्स्यशास्त्राच्या मुलांसाठी ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेवर मराठीत टिपणं लिहिते आहे. बांगड्याची लांबी आणि वजन यांचं नातं काढायचं, दोन्हींचे लॉग घेऊन ‘एलएम’ (लिनिअर मॉडेल) या फंक्शनने रेषा बसवायची, इथवर मराठी सरळ चाललं. ‘समरी’ या सारांश देणाऱ्या फंक्शनपाशी अडले. लांबीच्या स्तंभावर समरी चालवली की किमान, चतुर्थकं, मध्यक, सरासरी आणि कमाल मिळतात. बसवलेल्या रेषेवर तीच समरी चालवली की सहगुणक, प्रमाण त्रुटी, पी-मूल्यं येतात. अशा फंक्शनला ‘जेनेरिक’ म्हणतात. ‘सामान्य फलन’ लिहिलं तर मुलं ‘साधंसुधं फंक्शन’ असा अर्थ घेतात. दुसरा शब्द आहे का?

दापोली

ताई, ‘बहुरूपी फलन’ कसं वाटतं? आणि समोरच्या वस्तूचं जे नाव बघून समरी काय करायचं ते ठरवते, त्या ‘क्लास’साठी ‘वर्ग’ रूढच आहे, तो तसाच ठेवावा.

अलिबाग

‘वर्ग’ इथे नको, अशी कळकळीची विनंती. संख्याशास्त्राच्या मराठीत हा शब्द आधीच दोन कामं करतो. वारंवारता सारणीत १० ते १५ सेंमी हा एक वर्ग. रेषा बसवण्याच्या लघुतम वर्ग (लीस्ट स्क्वेअर्स) पद्धतीत वर्ग म्हणजे संख्येला तिनेच गुणणं. ‘अवशेषांच्या वर्गांची बेरीज’ आणि ‘अवशेषांचा वर्ग’ एकाच पानावर आले, तर मुलाने काय समजायचं? ‘प्रकार’ही चालणार नाही, कारण वस्तू आत कशी साठवली आहे ते सांगणाऱ्या ‘टाइपऑफ’ला तोच लागतो आणि आरमध्ये या दोन गोष्टी खरोखर वेगळ्या आहेत. डेटा-फ्रेमचा (म्हणजे तक्त्याचा) टाइप ‘लिस्ट’, पण क्लास ‘डेटा डॉट फ्रेम’. फॅक्टरचा (म्हणजे गटांची नावं ठेवणाऱ्या स्तंभाचा) टाइप ‘इंटिजर’, क्लास ‘फॅक्टर’. ‘क्लास’ सगळ्यांच्या तोंडी आहे, तोच राहू दे.

मालवण

क्लासबाबत सहमत. ‘बहुरूपी’ मात्र पटत नाही. त्या शब्दाने रूप बदलणारं कोणी डोळ्यांसमोर येतं. समरी स्वतः काहीच बदलत नाही, ती फक्त समोर काय आलंय ते बघून काम सोपवते.

आमच्याकडे ‘मासे साफ कर’ म्हटलं की कोळंबी सोलून तिचा काळा धागा काढतात, बांगड्याचे कल्ले आणि आतडी काढतात, माकुलाची शाईची पिशवी जपून काढतात. क्रिया एक, रीत माशागणिक. ती रीत माशाजवळ नसते, साफ करण्याच्या कामाजवळ असते. आरमध्ये नेमकं हेच आहे. जावा ही भाषा शिकून आलेली मुलं इथेच अडखळतात, कारण तिथे मेथड, म्हणजे एखाद्या क्लाससाठी काम कसं करायचं ते, क्लासच्या आत लिहितात. क्लास हाताळायच्या आरच्या एस-३ आणि एस-४ या दोन्ही व्यवस्थांत मेथड जेनेरिक फंक्शनची असते. म्हणून माझी सूचना : जेनेरिक फंक्शन म्हणजे ‘क्रिया’, मेथड म्हणजे ‘रीत’. ‘पद्धत’ टाळावी, ती लघुतम वर्गांकडे अडकली आहे.

या जोडीने एस-३ आणि एस-४ मधला फरकही सांगता येतो. ही नावं आरच्या आधीच्या ‘एस’ भाषेच्या तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीवरून आली. जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल लॅब्समध्ये १९७६ साली एस सुरू केली. तिसरीतल्या क्लासचं वर्णन १९९२च्या पुस्तकात आलं, चौथीचं १९९८च्या. एस-३ मध्ये क्लास म्हणजे वस्तूला जोडलेलं नुसतं नाव, कोणी तपासत नाही. क्रिया बहुधा पहिल्या आर्ग्युमेंटचा, म्हणजे तिला दिलेल्या पहिल्या वस्तूचा, क्लास बघून रीत निवडते. एस-४ मध्ये क्लासची रचना आधी जाहीर करावी लागते, आणि रीत एकाहून जास्त आर्ग्युमेंट बघून निवडता येते. म्हणजे मासा कोणता एवढंच न बघता तो तळायचा की तिखल्याला घालायचा हेही बघून बांगडा चिरा पाडून अख्खा ठेवायचा की तुकडे करायचे ते ठरतं.

दापोली

‘बहुरूपी’ मागे घेतो, क्रिया-रीत जास्त चांगली. ‘इन्हेरिटन्स’लाही, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याकडून वारसा घेण्यालाही, ती पेलते का, हे तपासून पाहिलं. किती लांबीला निम्मे मासे परिपक्व होतात, हे काढायला ‘जीएलएम’ (जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल) वापरतो. त्या मॉडेलला ‘जीएलएम’ आणि ‘एलएम’ असे दोन क्लास या क्रमाने असतात. समरीची जीएलएमसाठी स्वतंत्र रीत आहे, ती चालते. आलेख काढणाऱ्या ‘प्लॉट’ची तशी रीत नाही, म्हणून एलएमची चालते. दोन्ही नसत्या तर ‘डीफॉल्ट’ रीत. ‘रीत नसेल तर पुढच्या क्लासची रीत’, एवढ्यात मुलांना कळतं.

रत्नागिरी

क्रिया आणि रीत घेते, क्लास तसाच ठेवते. रीत निवडण्याच्या या कामाला ‘डिस्पॅच’ म्हणतात, त्याला नाम शोधत बसत नाही, ‘क्रिया रीत निवडते’ असं क्रियापदानेच लिहीन.

अलिबाग

टिपणांत एक इशारा घाला. एस-३ मध्ये रीतीचं नाव म्हणजे क्रिया, टिंब, क्लास : ‘समरी डॉट एलएम’. या नियमाने टी-चाचणी करणारी ‘टी डॉट टेस्ट’ ही ‘टी’ क्रियेची ‘टेस्ट’ क्लाससाठीची रीत वाटते. टी तर मॅट्रिक्सच्या ओळी-स्तंभ उलटवते. टी डॉट टेस्ट ही स्वतःच एक क्रिया आहे, तिला स्वतःच्या रीती आहेत. मुलांनी आपल्या फंक्शनच्या नावात टिंब घालू नये, अधोरेषा वापरावी.